राव सारांचा कान

भिंतीवर मधल्या बोटाचं पेर दोनदा वाजवून गुरुमूर्ती राव उत्तराची वाट पाहत उभे राहिले, आणि भिंतीनं जे उत्तर दिलं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी तिसऱ्यांदा वाजवलं. भिंत पुन्हा काहीतरी म्हणाली. वीतभर सरकून वाजवलं तर ती वेगळंच म्हणाली, आणि आणखी वीतभर सरकल्यावर तिनं आपलं पहिलं म्हणणं मागे घेतलं. गुरुवारची सकाळ, साडेदहाची वेळ, चेन्नईबाहेरच्या श्रीपेरुंबुदूरचं ऊन, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा एक माणूस पाढा विसरलेल्या मुलासारखा भिंतीसमोर उभा. भिंत भरीव असली की खणखणीत बोलते, पोकळ असली की भद्द बोलते. राव सारांच्या लेखी जगात एवढे दोनच आवाज होते. या भिंतीला तिसरा येत होता, आणि तो तिनं कुणालाही न विचारता काढला होता.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात काढली होती. नकाशे, नमुने, चाचण्या, अहवाल या सगळ्यांवर त्यांचा विश्वास होता, पण त्या पेरावर कांकणभर जास्त होता. पेरावर घट्टा पडला होता. लग्नाला गेले की ते आधी मंडपाचा खांब वाजवून बघत आणि मग नवरानवरीकडे बघत. मुलीला, श्रीरंजनीला, स्थळ आलं तेव्हा त्यांनी मैलापूरच्या मुलाकडची बैठकीची भिंत वाजवली, मान डोलावली आणि बायकोला सांगितलं, ‘‘होय म्हण.’’ मुलगा काय करतो हे नंतर विचारलं. जावई अजून उभा आहे. खात्यात त्यांना तमिळ ढंगानं, सरांचं सार करून, ‘राव सार’ म्हणत आणि त्यांच्या कानाला नुसतं ‘कान’. ‘‘उद्या कान येणार आहे,’’ असा निरोप साइटवर गेला की रात्रीतून सिमेंटची पोती वाढत. तंजावरहून तीन पिढ्यांपूर्वी मद्रासला आलेल्या मराठी घरातल्या माणसाला यापेक्षा मोठा दरारा मिळाल्याचं त्यांच्या तरी ऐकिवात नव्हतं.

‘‘काका, काय म्हणतेय भिंत?’’ ऋजुतानं विचारलं. ऋजुता वास्तुविशारद. साताऱ्याची, वय एकतीस, तीन वर्षं चेन्नईत. डोक्यावर पिवळी टोपी, पायात धुळीनं भरलेले बूट. हे घर तिचं होतं, म्हणजे तिनं काढलेलं होतं. बांधलं म्हणावं तर पंचाईत, कारण ते कुणी बांधलंच नव्हतं. यंत्राचा एक लांब हात रुळांवरून मागेपुढे फिरत होता, त्याच्या नळीतून ओलं काँक्रीट पडत होतं, थरावर थर, चकली पडावी तसं, आणि तेराव्या दिवशी भिंती संपल्या होत्या. बायकोला फोनवर चकलीच्या सोऱ्यावरून समजावताना राव सार म्हणाले होते, ‘‘मुरुक्कूचा अच्चू माहीत की तुला? त्यातनं घर काढलंय.’’ त्यावर त्रिपुरसुंदरीनं विचारलं होतं, ‘‘तळलं कोणी?’’

हे घर म्हणजे पाळणाघर. आसपासच्या कारखान्यांत फोनचे नि टीव्हीचे सुटे भाग जोडणाऱ्या शिफ्टच्या बायकांच्या साठ मुलांसाठी. सोमवारी उघडायचं होतं. त्याआधी निवृत्त इंजिनियरांच्या समितीतल्या तीन तपासनिसांच्या सह्या हव्या होत्या. दोघांनी आपापल्या घरी बसून इमारत पाहिली होती आणि ईमेलनं सही पाठवली होती. तिसरे राव सार. ते प्रत्यक्ष आले होते, हा त्यांचा दोष. समितीच्या पहिल्या बैठकीत बाकीचे निवृत्त इंजिनियर हळहळले होते, यंत्र घर बांधायला लागलं तर आपण कशाला? तेव्हा राव सारच म्हणाले होते, ‘‘आपण कशालाच नव्हतो, हे एकदाचं सिद्ध तरी होईल.’’ नव्याच्या बाजूनं ते पहिल्यापासून होते. काँक्रीट नवं होतं तेव्हा ते त्याच्या बाजूनं होते, काच नवी होती तेव्हा तिच्या. म्हातारपणी चुन्याच्या भिंतींच्या आठवणी काढून डोळे पुसणारे लोक त्यांना आवडत नसत. त्या भिंतींत विंचू असत.

आणि आता ही भिंत. ‘‘हिचं काहीतरी वेगळंच आहे,’’ ते म्हणाले. ऋजुतानं त्यांना मागच्या बाजूला नेलं. तिथे छपाईच्या सरावाचा एक तुकडा करवतीनं उभा कापून ठेवला होता. भिंतीला बाहेरचा एक पडदा होता, आतला एक, आणि मध्ये काँक्रीटचीच नागमोडी रेघ, एकदा या पडद्याला टेकणारी, एकदा त्या. बाकी मध्ये हवा. ‘‘रेघ टेकते तिथे भरीव वाजतं, मध्ये पोकळ वाजतं. ही पोकळी मुद्दाम ठेवलीय, काका. ऊन आत येत नाही. बाहेर एकोणचाळीस होतं तेव्हा आत एकतीस.’’ राव सारांनी त्या नागमोडी रेघेवरून बोट फिरवलं. सगळं पटलं. हिशेब पटला, आकृती पटली, उन्हाचं तर अंगालाच पटलं. पण पुन्हा समोर येऊन त्यांनी पेर वाजवलं तेव्हा कानाला काही ते पटलं नाही. डोक्याला पटलेलं कानाला सांगायचं कसं, याची सोय त्यांच्या शरीरात नव्हती.

छताची चाचणी चालू होती. छताचे तुकडेही छापलेलेच होते, वर उचलून ठेवलेले, आत सळया घालून जोडलेले. त्यावर पाणी भरायचं, वीतभर उंच, चोवीस तास ठेवायचं. छत किती वाकतं ते खाली लावलेल्या घड्याळासारख्या आठ तबकड्या दाखवतात. मग पाणी सोडून द्यायचं, आणखी चोवीस तास थांबायचं, आणि छत जितकं वाकलं त्यातलं निदान बारा आणे परत वर आलं पाहिजे. राव सारांना नोकरीतली ही एकच गोष्ट काव्य वाटत असे. माणसाला अशी चाचणी नाही. पाण्याच्या दोन लॉऱ्या आल्या होत्या, आणि त्यांच्यामागोमाग रंगीत प्लॅस्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, कमरेवर घेऊन गावातल्या बायका. पाणी गच्चीवर चढतंय हे पाहून त्या थांबल्या. ‘‘हे पाणी वर काय करतंय?’’ एकीनं तमिळमध्ये विचारलं. ‘‘उभं राहतंय,’’ राव सार म्हणाले. ‘‘आणि उद्या?’’ ‘‘उद्या खाली येईल.’’ ती म्हणाली, ‘‘उद्या येऊ मग.’’ त्यांनी ऋजुताला सांगून ठेवलं की उद्या पाणी सोडताना नळी गटाराकडे नको, कुडमांकडे.

परतायला ऋजुतानं गाडी देऊ केली. त्यांनी नको म्हटलं आणि दोनची शिफ्ट सुटल्यावर थेट घरापाशी, एग्मोरपर्यंत, येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसले. बसमध्ये निळ्या कोटातल्या चाळीस बायका होत्या आणि त्यांतल्या तीस झोपल्या होत्या. शेजारची जागी होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर हरिप्रिया असं नाव. तिनं त्यांच्या हातातल्या फायलीकडे बघितलं. ‘‘मुलांच्या घरावर सही करणारे सार तुम्हीच का?’’ ते म्हणाले, आमा, होय, मीच. तिला अडीच वर्षांची मुलगी. शेजारीण सांभाळायची, ती शेजारीण रविवारी सेलमला मुलाकडे चाललीय, कायमची. ‘‘ते मशीननं केलंय ना, सार? वरून पडणार नाही ना?’’ राव सारांनी नेहमीचा विनोद केला, ‘‘पडलं तर पहिली नोटीस मलाच येईल, अम्मा.’’ ती हसली नाही. म्हणाली, ‘‘मला नोटीस नको, सार. मला सोमवार पाहिजे.’’ आणि पुढच्या दांडीवर डोकं टेकून तीही झोपली.

बसची काच थरथरत होती. राव सारांनी नकळत तिच्यावर पेर वाजवलं, आणि त्या आवाजाबरोबर आवडीची आठवण आली. ती नेहमी अशीच येत असे, न बोलावता, आणि चहा झाल्यावरही उठत नसे. एकोणीसशे शहाऐंशी. मद्रासबाहेर आवडी गावात सरकारी क्वार्टर्सचं बांधकाम चाललं होतं. त्यातल्या एका इमारतीच्या छताची पाहणी शनिवारी आली. कंत्राटदार नारायणस्वामी, स्वतः गवंडीकामातून वर आलेला, शर्टाच्या खिशात पेन्सिलीऐवजी सुतळी ठेवणारा. राव सार तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि त्यांचा कान नुकता नावारूपाला येत होता. त्यांनी खालून बांबूच्या टोकानं छत वाजवलं. भद्द. चार पावलं सरकून वाजवलं. भद्द. सगळं छत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एखाद्या ओल्या उशीसारखं बोलत होतं. त्यांनी तिथल्या तिथे फायलीत लिहिलं, ‘छत पोकळ. पाडून नवे घालावे.’ नारायणस्वामीनं एकदा वर छताकडे बघितलं, एकदा सारांकडे. मग म्हणाला, ‘‘तुम्ही म्हणता म्हणजे असेल, सार.’’

संध्याकाळच्या गाडीनं राव सार आवडीहून घरी निघाले. खिडकीजवळ जागा मिळाली, डोळा लागला, मान कलली. आणि अंबत्तूर येता येता त्यांच्या उजव्या कानातून काहीतरी कोमट ओघळलं आणि कॉलरमध्ये उतरलं. त्यासरशी गाडीचा आवाज त्यांच्या डोक्यात घुसला. चाकं, साखळ्या, पंखे, शेंगदाणेवाला, सगळं एकदम. मग डावा कान मोकळा झाला आणि उरलेलं जगही आत आलं. त्यांनी कॉलरला बोट लावून हुंगलं. तिळाचं तेल. शनिवार होता. शनिवारी पुरुषांनी डोक्यावरून तेल घेऊन न्हायचं, हा घरचा नेम. त्यांची आई टाळूवर तेल जिरवून झालं की वाटीत उरलेलं दोन्ही कानांत सोडायची आणि वर कापसाचा बोळा. बोळा त्यांनी सकाळी काढला होता. तेल काढायचं राहिलं होतं. त्या दिवशी सबंध मद्रास शहर पोकळ वाजलं असतं. समुद्रसुद्धा.

अंबत्तूर स्टेशन आलं. समोरच्या फलाटावर उलट जाणारी गाडी उभी होती. उतरून पूल ओलांडला असता तर अर्ध्या तासात ते आवडीला पोचले असते, फायलीत एक ओळ खोडून दुसरी लिहिली असती. गाडी दोन मिनिटं थांबली. त्या दोन मिनिटांत त्यांनी पुष्कळ गोष्टींचा विचार केला, आणि त्यातली एकही नारायणस्वामीबद्दल नव्हती. मग गाडी हलली आणि ते बसून राहिले. सोमवारी छत फोडायला सुरुवात झाली. मोठे हातोडे पडत आणि चेंडूसारखे उसळून परत येत. माणसं बदलली, हातोडे बदलले. ते छत फोडायला अकरा दिवस लागले. आतून जे काँक्रीट निघालं तसं राव सारांनी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहायला मिळालं नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकच प्रामाणिक कंत्राटदार भेटला, आणि त्याचं छत त्यांनी पाडलं. खात्यात मात्र कीर्ती पसरली. जिथे कुणालाच काही दिसलं नाही तिथे कानानं ओळखलं! त्या दिवसापासून सगळ्या साइट्सवर माल पुरा पडायला लागला. गेल्या कित्येक पुरांत जी सरकारी छतं टिकली त्यांतली बरीचशी त्या तेलावर टिकली आहेत, असं राव सारांना कधीकधी वाटे, आणि मग असं वाटल्याची लाज वाटे.

नारायणस्वामीनं कंत्राटं सोडली. अंबत्तूरला स्टेशनजवळ कॉफी दळायचं दुकान टाकलं. राव सार तेव्हापासून, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, एग्मोरहून निघून मध्ये गाडी बदलून अंबत्तूरला कॉफी पूड आणायला जात. एग्मोरला कॉफीची दुकानं चांगली सहा होती. त्रिपुरसुंदरीला वाटे, नवऱ्याची जीभ फार चोखंदळ आहे. त्या शहाऐंशीच्या शनिवारपासून ते तेल घेत, न्हात, पण कानात थेंब घालू देत नसत. आधी आईला देत नव्हते, आई गेल्यावर बायकोला. ‘‘कानात घातल्याशिवाय तेलाचा काय उपयोग?’’ ती दर शनिवारी विचारी. ते म्हणत, ‘‘कान खात्याचा आहे.’’ निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी हेच म्हणत.

शुक्रवारी सकाळी ऋजुताचा फोन आला. चोवीस तास पुरे झाले, छत अगदी थोडं वाकलं, आता पाणी सोडतोय, कुडमांची रांग पार रस्त्यापर्यंत गेलीय. ‘‘उद्या बारा वाजता शेवटचे आकडे, काका. मग तुमची सही.’’ आवाजात बेफिकिरी आणायचा तिनं प्रयत्न केला आणि तो फसला. ‘‘काका, एक सांगू? आमच्या मोठ्या साहेबांनी काल सांगितलंय, तिसरी सही नाही आली तर हे पाडून नेहमीसारखं विटांचं बांधायचं. मशीन परत पाठवणार.’’ पाडून. राव सारांनी फोन ठेवला आणि हाताच्या सवयीनं टेबल वाजवलं. टेबल भरीव होतं. टेबलांचा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता, की आकडे उद्या बरोबर येतील हे त्यांना जवळजवळ ठाऊक होतं, आणि आकडे बरोबर आले तरी ते भिंतीपाशी जातील, पेर वाजवतील, भिंत तो तिसरा आवाज काढेल, आणि हात सहीसाठी उठणार नाही, हेही ठाऊक होतं. अनोळखी आवाजाला त्यांनी आयुष्यभर एकच शिक्षा दिली होती.

कॉफीचा डबा अर्धा भरलेला होता. तरी ते अंबत्तूरला गेले.

नारायणस्वामी त्र्याऐंशीचा झाला होता. दुकानाचं पुढचं मुलगा बघे, पण दळायच्या यंत्रापाशी म्हातारा स्वतः बसे. यंत्र भरधाव चालू होतं. त्यानं राव सारांना बघून अर्ध्या किलोची पिशवी उघडली, अडतीस वर्षं उघडत होता तशी. राव सार म्हणाले, ‘‘नारायणस्वामी, मला एक सांगायचंय. आवडीच्या छताचं.’’ म्हाताऱ्यानं हात कानामागे नेला. मुलगा गल्ल्यावरून ओरडला, ‘‘मोठ्यानं बोला, राव सार! या यंत्रानं अप्पांचे कान गेलेत. चार वर्षं झाली. तुम्ही ‘अर्धा किलो’शिवाय काही बोलत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नसेल.’’

अडतीस वर्षं मनात घोळलेलं वाक्य कुजबुजून सांगायचं होतं. त्यात योग्य जागी थोडा थांबा होता, एक उसासाही होता. ते आता अंबत्तूरच्या बाजारात यंत्राच्या वरताण ओरडून सांगायची पाळी आली. ‘‘तुझं छत चांगलं होतं!’’ राव सार ओरडले. समोरचा फुलवाला वळला. ‘‘काय?’’ ‘‘छत! भरीव होतं! माझ्या कानात तेल होतं! शनिवारचं!’’ रिक्षा थांबल्या. केळीची पानं घेऊन चाललेली एक बाई पानं खाली ठेवून उभी राहिली. मुलानं यंत्र बंद केलं, आणि त्या अचानक आलेल्या शांततेत राव सार, थांबायचं न सुधरून, पुन्हा एकदा पूर्ण आवाजात ओरडले, ‘‘मी चुकलो!’’

नारायणस्वामीनं पिशवी तराजूत ठेवली. ‘‘अकरा दिवस,’’ तो म्हणाला. बहिऱ्या माणसाच्या सपाट, मोठ्या आवाजात. ‘‘पोकळ छत अकरा दिवस टिकतं होय, सार? मी गवंडी होतो, गाढव नव्हतो.’’ राव सारांनी हातानंच विचारलं, मग बोलला का नाहीस? ‘‘कुणाशी? तुमचा कान सरकारी, माझं तोंड खाजगी.’’ फुलवाला हसला. म्हातारा हसला नाही. ‘‘धंदा तुमच्यासाठी सोडला नाही, मोठेपणा घेऊ नका. अकरा दिवस समोर उभा राहून स्वतःचं छत फुटताना बघितलं. मग पुन्हा घालावंसंच वाटलं नाही. मग तुम्ही यायला लागलात. मी म्हटलं, आज बोलतील. तुम्ही म्हणायचात अर्धा किलो, चिकोरी कमी. पुढच्या महिन्यात म्हटलं, आज बोलतील. अर्धा किलो, चिकोरी कमी.’’ त्यानं डब्यातून चिकोरीचा मोठा डाव काढला, राव सारांच्या डोळ्यांदेखत पिशवीत उलटा केला, मग आणखी एक. पिशवी बांधून पुढे सरकवली. ही शिक्षा होती, आणि ती मोजून मापून, भरीव होती. राव सारांनी ती दोन्ही हातांत घेतली.

निघता निघता त्यांनी हातवारे करून आणि फायलीच्या पाठीवर लिहून त्याला नव्या घराचं सांगितलं. यंत्रानं छापलंय, मुद्दाम पोकळ ठेवलंय, सगळे आकडे बरोबर आहेत, फक्त आवाज ओळखू येत नाही. नारायणस्वामीनं फायलीतली कापलेल्या भिंतीची आकृती बराच वेळ पाहिली. नागमोडी रेघेवर नख फिरवलं. कोणीतरी चांगली साडी दाखवावी तसा त्याचा चेहरा झाला. ‘‘तेरा दिवस?’’ राव सारांनी मान हलवली. ‘‘आणि तुम्हाला आवाज कळत नाही.’’ पुन्हा मान हलवली. ‘‘मग कानाला सुट्टी द्या, सार,’’ नारायणस्वामी म्हणाला आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. ‘‘मी दिली. काही अडत नाही.’’

शनिवारी पहाटेच त्रिपुरसुंदरी तेलाची वाटी कोमट करून मोरीजवळ स्टूल मांडून उभी होती. आदल्या संध्याकाळची कॉफी पिऊन तिनं नारायणस्वामी म्हातारा झाला असा निष्कर्ष काढला होता, आणि राव सार कडू घोट न बोलता संपवून बसले होते. तिनं टाळूवर तेल थापलं, जिरवलं. वाटी खाली ठेवायला वाकली, तोच त्यांनी मान उजवीकडे कलती केली.

‘‘घाल.’’

‘‘काय?’’

‘‘कानात. दोन्ही. बोळेही घाल.’’

तिनं वाटी तशीच धरून ठेवली. ‘‘आज तर साइटवर जायचंय म्हणालात.’’ ‘‘म्हणूनच.’’ ‘‘आणि खात्याचा कान?’’ ‘‘परत केला.’’ लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेल्या बाईला कधी विचारायचं आणि कधी ओतायचं हे कळतं. तेल आत उतरलं, आधी गुदगुल्या, मग ऊब, मग आईचा हात, मग सगळं एग्मोर हळूहळू पाण्याखाली गेलं. समोरच्या स्टेशनातल्या गाडीची शिट्टी एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखी झाली. त्रिपुरसुंदरी काहीतरी बोलत होती आणि हसत होती. शिकेकाई डोळ्यांत गेली तरी त्यांना बरं वाटत होतं.

बारा वाजता ते छापलेल्या पाळणाघरात छताखाली उभे होते. आठ तबकड्या, आठ सुया. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक सुई स्वतः वाचली. पहिल्या दिवसाचा आकडा, पाण्याखालचा आकडा, आजचा आकडा. बारा आणे परत यायला हवं होतं. सातव्या तबकडीपर्यंत साडेचौदा आणे भरत होतं. आठवीशी ते थोडे जास्त थांबले, कारण ही सुई दारापाशी होती, मुलं जिथून पळत आत येतील तिथे. पंधरा. मग भिंतींवर ओढलेल्या चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्या पाहिल्या, भेग असती तर तिथे केसासारखी काळी रेघ उमटली असती. गुडघ्यांवर बसून, कोपऱ्याकोपऱ्यात पाहिलं. एकही नव्हती. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले होते, एका हातानं दुसऱ्याचं मधलं बोट धरून ठेवलं होतं.

ऋजुता काहीतरी म्हणाली. त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. ती जवळ येऊन ओरडली, ‘‘काका, भिंत वाजवून नाही बघणार?’’

‘‘नाही. आज तेल लावून आलोय.’’

तिला काही कळलं नाही, आणि त्यांनी समजावलंही नाही. खिडकीच्या छापलेल्या कठड्यावर फाइल ठेवून त्यांनी ‘मान्य’ लिहिलं, सही केली, आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, खात्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर इमारत कानाने तपासलेली नाही. सन १९८६ मध्ये आवडी येथे कानाने तपासून एक उत्तम छत पाडण्यात आले. तो निर्णय याच सहीचा होता. छत घालणाराचे नाव नारायणस्वामी.’ ऋजुतानं खांद्यावरून वाचलं, पुन्हा वाचलं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू मोकळा झाला. ‘‘काका, हे लिहायलाच पाहिजे का?’’ ती ओरडली. ‘‘सरकारी फायलीत खरं लिहायची ही माझी पहिली वेळ आहे,’’ राव सार म्हणाले, ‘‘मध्ये येऊ नकोस.’’ त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना डोक्याच्या आतून ऐकू येत होता, रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा. बाहेर अंगणात तो यंत्राचा लांब हात गुंडाळून ठेवला होता. जाता जाता त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला घट्टा नव्हता. पडेल, त्यांनी मनात म्हटलं, यालाही कुठेतरी पडेल, आणि मग यालाही कुणीतरी तेल घालणारं लागेल.

दुपारची बस तीच, निळे कोट तेच. हरिप्रिया चार रांगा पुढे होती. त्यांना पाहून ती उठून उभी राहिली, भुवया उंचावल्या. त्यांनी हवेत सही करून दाखवली. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग खाली बसली आणि शेजारणीला सांगायला लागली, शेजारीण मागच्या बाकाला. ओठ हलत होते, हात हलत होते, एक बाई झोपेतून उठवली गेली, आणि राव सारांना हे सगळं काचेपलीकडच्या माशांसारखं दिसत होतं. त्यांनी मान खिडकीला टेकवली. डोळा लागला असावा. पूनमल्लीच्या नाक्यावर बसनं ब्रेक मारला आणि बोळा सरकून उजव्या कानातून कोमट तेलाची धार कॉलरमध्ये उतरली. त्यासरशी आवाज आत आले. हॉर्न, नाक्यावरचे कंडक्टर, खिडक्यांचा खडखडाट, आणि त्याच्यावरून चाळीस बायकांचा एकच कालवा: सोमवार, सोमवारी डबा कोण देणार, सोमवारी पहिल्या दिवशी रडतील, रडू देत. राव सार ताठ बसले आणि वाट पाहू लागले. अशा वेळी एक गोष्ट यायची असते हे त्यांना माहीत होतं: उतर, पूल ओलांड, उलटी गाडी पकड, एक ओळ खोड. नाक्यावर बस बराच वेळ उभी होती. उलट दिशेची बस समोरच थांबलेली होती, दार उघडं, निम्मी रिकामी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रुमालानं कॉलर पुसली, आणि ते बसून राहिले.